उचल घेतलेल्या माणसाला हक्क असतात का?

मांजराकाठ

दिवाळीला गावी गेले होते, बीडच्या केज तालुक्यात. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गल्लीत ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, गोधड्या, कोपीसाठी (फडातल्या झोपडीसाठी) बांबू आणि ताडपत्री, दोन शेळ्या, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. लहानपणी मीही अशीच बसून गेले आहे. तेव्हा त्याची गंमत वाटायची.

धाकटी मावशी ऊसतोडीला निघाली होती. तिची पाठ धरली होती, उठताना भिंतीला हात लावत होती. मी म्हटलं, "मावशी, यंदा नको जाऊस. मी पैसे देते थोडे." ती म्हणाली, "उचल घेतलीय ना बाई. आता नाही कशी म्हणू?"

तेवढं बोलून ती चढली.

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. मावशीला हक्क कोणते नाहीत? मतदार यादीत नाव आहे. रेशनकार्ड आहे. घटनेचं एकविसावं कलम तिच्यासाठीही आहे, वेठबिगारीला बंदी करणारं तेविसावंही आहे. सरकारी दवाखाना फुकट आहे. पण ऑगस्टमध्ये नवऱ्याने मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणून आगाऊ पैसे घेतले त्या दिवशी तिचे पुढचे चार-पाच महिने विकले गेले, आणि त्या महिन्यांत यातला एकही हक्क तिला हात लांबवून घेता येत नाही. गेल्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. अर्धा तालुका उसाच्या फडात होता.

थोडा हिशेब मांडते, म्हणजे बाहेरच्यांनाही कळेल. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात करार झाला आणि तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. त्याआधी २७३ होता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. दोघं मिळून दिवसाला साधारण दोन टन तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून नेऊन गाडी भरतात. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये, पहाटे चारपासून अंधार पडेपर्यंत, कधी गाडी रात्री आली तर रात्रीसुद्धा. आता एक लाख उचल धरा. ती फिटायला २७३ टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. आणि अलीकडे कारखान्यांची गाळपक्षमता वाढल्यामुळे हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपतो. आठवड्याची खर्ची त्यातूनच वळती होते. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वेगळे कापतात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हिशेबात काहीतरी अंगावर राहतंच, आणि त्या बाकीसाठी पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम.

मला विचारायचं आहे ते हे. गरिबी आणि हक्क हे आपण दोन वेगळे विषय समजतो. गरिबीसाठी योजना आणि हक्कासाठी कोर्ट. पण माणसाला "नाही" म्हणताच येत नसेल, तर त्याच्याकडे नेमका कोणता हक्क उरला?

रोखठोक

ताई, तुमच्या मावशींबद्दल वाईट वाटतं, तरीही एक मुद्दा मांडतो. उचल कोणी जबरदस्तीने देत नाही. ज्या भागात बँक कोरडवाहू शेतकऱ्याला दारात उभं करत नाही, तिथे एकरकमी लाख रुपये कुठून मिळणार? मुलीचं लग्न, विहीर, आजारपण या सगळ्याला तीच रक्कम उपयोगी पडते. उचल बंद करा म्हटलं तर पहिला विरोध मजूरच करतील. घेतलेले पैसे कामातून फेडणं यात मानवी हक्काचा भंग कुठे झाला? हा प्रश्न रोजगाराचा आहे. बीडमध्ये उद्योग आणा, पाणी आणा, उचल आपोआप संपेल.

वारणाकाठचा शेतकरी

मी दुसऱ्या टोकाचा माणूस. माझा साडेतीन एकर ऊस आहे. या धाग्यावर शेतकऱ्याला शिव्या पडायच्या आधी थोडं सांगतो.

तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आमच्या बिलातून कापतो. म्हणजे तुमच्या मावशीची मजुरी शेवटी माझ्या उसातून जाते. टोळी फडात आली की एकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, नाही दिली तर टोळी दुसऱ्याच्या फडात. ऊस वाळत जातो, वजन घटतं. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत.

आणि वाहनमालकांचे हाल वेगळेच. माझ्या चुलतभावाने ट्रॅक्टर घेतला. कारखान्याशी वाहतुकीचा करार त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, त्यातून मुकादमाला दिली उचल आणि मुकादम टोळी न आणताच पसार. घरावर बोजा चढला. अशी माणसं आमच्या भागात गावोगाव आहेत. उचलीने फक्त मजूरच अडकतो असं नाही.

मात्र हेही खरं सांगतो. माझ्या फडात एक बाई तोडायला होती, आठव्या महिन्याची गरोदर. माझ्या बायकोने तिला घरी आणून बसवलं. संध्याकाळी मुकादम तिच्या नवऱ्याला म्हणाला, आज अर्धाच कोयता धरला आहे. मी मध्ये पडलो तर म्हणाला, "मालक, तुमचा ऊस तुटला का नाही? मग बाकीचं आमचं आम्ही बघू." मी गप्प बसलो. पुढचा फड माझ्या भावाचा होता.

मांजराकाठ

काका, शेवटचं वाक्य लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. शिव्या कोणीही देणार नाही.

@रोखठोक, दादा, उचल बंद केली तर मजूर विरोध करतील हे अगदी बरोबर आहे. माझ्या वडिलांनीही केला असता. पण त्यांना दुसरीकडून ते पैसे मिळत नव्हते म्हणून. तहानलेल्या माणसाने गढूळ पाणी प्यायलं तर ते त्याला आवडतं असं आपण म्हणत नाही.

कलम_तेवीस

मी वकिली करते, कामगार कायद्याची. रोखठोक यांच्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी दिलेलं आहे आणि ते मराठीत फार कमी लोकांपर्यंत पोहोचलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९८२ मध्ये दिल्लीत एशियाड होतं. स्टेडियम, उड्डाणपूल बांधायला देशभरातून मजूर आणले होते. ठेकेदार किमान वेतनातूनही कमिशन कापत होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिलं आणि त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने सुनावणी घेतली. सरकारचा बचाव रोखठोक यांच्यासारखाच होता: कोणी बळजबरी केली? न्यायालयाने म्हटलं, बळजबरी फक्त काठीने होत नाही. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा पर्यायच ठेवत नसेल, आणि त्या अवस्थेत तो किमान वेतनापेक्षा कमी दरात राबत असेल, तर तीही सक्तीच आहे, आणि असं काम तेविसाव्या कलमातल्या वेठीत मोडतं. आणखी महत्त्वाचं म्हणजे हे कलम फक्त सरकारविरुद्ध नाही. खाजगी मालक, ठेकेदार, मुकादम यांच्याविरुद्धही लागू होतं.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८३ मध्ये, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय एक पाऊल पुढे गेलं. मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जात असल्याचं दिसलं, तर ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. आणि वेठबिगार उच्चाटनाचा कायदा तर १९७६ चा. त्याखाली असं कर्ज आपोआप रद्द होतं, ते वसूल करणं हाच गुन्हा ठरतो, आणि अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे.

मग हे सगळं फडात का दिसत नाही? एक उदाहरण देते, त्यातून मला स्वतःला ही गोष्ट नीट कळली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलं आहे की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, नाही तर १५ टक्के व्याज. २००९ पासून एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, आली. २०२३-२४ च्या हंगामात ती क्विंटलला ३१५ रुपये होती, म्हणजे टनाला ३,१५०. कारखान्याने थकवली तर साखर आयुक्त जप्तीची नोटीस काढतात. शेतकऱ्याने ही ताकद लढून मिळवली आहे, ती त्याला मिळालीच पाहिजे. पण त्याच टनामागे तोडणाऱ्याला मिळणाऱ्या ३६६ रुपयांना असा आधार नाही. तो दर मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्यातल्या कराराने ठरतो. त्यासाठी कोयता बंद आंदोलन करावं लागतं. उसाला कायद्याने भाव आहे. तोडणाऱ्या हाताला तीन वर्षांचा करार आहे, आणि तोही मुकादमाच्या वहीतून वजा होत होत तिच्यापर्यंत येतो.

विषमता हक्काला कशी खाते ते मला इथे दिसतं. ज्याच्या मागे संघटना, मतं आणि पुढारी आहेत त्याचा हक्क आयुक्तांच्या नोटिशीत उतरतो. ज्याच्या मागे काही नाही त्याचा निकालपत्रात राहतो.

फडावरचा

मी सात हंगाम चिटबॉय होतो एका कारखान्यात. नाव सांगत नाही. शेतात जायचं, कोणता फड तुटला, कोणत्या टोळीने तोडला, किती गाड्या भरल्या ते लिहायचं आणि स्लिप द्यायची. त्या वेळी कळलं नाही, आता कळतं. माझ्या रजिस्टरमध्ये शेतकऱ्याचं नाव होतं, गट नंबर होता, उसाची जात होती, वाहनाचा नंबर होता, मुकादमाचं नाव होतं. तोडणाऱ्याच्या नावाला रकानाच नव्हता. सात वर्षांत एकाही बाईचं नाव मी लिहिलं नाही. लिहायला जागाच नव्हती.

वकीलताई म्हणतात ते खटले चालवायला आधी पुरावा लागेल ना, की ही बाई या कारखान्यासाठी राबली. तो पुरावा तयार करणारा माणूस मीच होतो.

रोखठोक

वाचतोय. कलम_तेवीस यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. निकालाची माहिती नव्हती. माझं म्हणणं थोडं बदलतो: उचल म्हणजे कर्ज असेल तर ते कर्जासारखं असावं. पावती, व्याजदर, फेडीचा हिशेब हातात. ते नसताना मी त्याला व्यवहार म्हटलं ते चुकीचं होतं. पण पर्यायी पतपुरवठ्याशिवाय हे मिटणार नाही यावर मी ठाम आहे.

आडगावचे_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्याकडे सहामाही परीक्षेनंतरचं हजेरीपत्रक आहे, तेच माझं म्हणणं.

चौथीच्या वर्गात जूनमध्ये एकतीस मुलं होती. दिवाळीनंतर सतरा. जी गेली त्यांत मोठी बहीण असेल तर ती धाकट्याला सांभाळायला गेली, मुलगा असेल तर वाढे (उसाचे शेंडे) गोळा करायला, गुरांना पाणी पाजायला. एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वाचन अडखळतं. मी निकाल लावतो, पुढच्या वर्गात ढकलतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याप्रमाणे प्रत्येक मूल माझ्या पटावर आहे आणि कागदावर शाळाबाह्य कोणी नाही.

पूर्वी कारखान्यांजवळ साखरशाळा चालायच्या. अपुऱ्या होत्या, पण होत्या. नंतर धोरण असं झालं की मुलांनी गावातच राहावं, हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे. विचार चांगला आहे. पण वयात येणारी मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न धोरणाने सोडवला नाही. मग ते तिचं लग्न लावून देतात. लग्न झालं की दोघांचा पूर्ण कोयता होतो आणि उचलही पूर्ण मिळते. अर्ध्या कोयत्याला कोण विचारतो? बीडमध्ये बालविवाह का थांबत नाहीत असं मला शहरातले लोक विचारतात, तेव्हा ते प्रथा, अज्ञान असे शब्द वापरतात. मला त्यात मुकादमाचा दर दिसतो.

मांजराकाठ ताई, तुम्ही कशा शिकलात ते लिहाल का? माझ्या मुलींना वाचून दाखवीन.

मांजराकाठ

मास्तर, माझ्यात विशेष काही नाही. आजी धडधाकट होती आणि तिने मला ठेवून घेतलं. दोन भाऊ आईबरोबर जात राहिले, त्यांचं शिक्षण पाचवी-सहावीत संपलं. तिघेही एकाच घरातले, एकाच कायद्याखालचे. आजीचे गुडघे चांगले होते एवढाच फरक. मुलींना हेही सांगा, म्हणजे त्या स्वतःला किंवा भावाला कमी हुशार समजणार नाहीत.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते. आईची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत सांगितलं, कॅन्सर होईल, काढून टाका. तपासणी कसली झाली नाही. ऑपरेशनचे पैसे मुकादमाने दिले, उचलीत धरून. पुढच्या हंगामात आई ते पैसे फेडायला मोळ्या उचलत होती. आता तिला पन्नाशीत कंबर सरळ करता येत नाही. मावशी आता ज्या पाठीचं सांगते, त्याची सुरुवात तिथेच आहे. तिचीही काढली आहे.

सुईण_ते_सिव्हिल

मांजराकाठ, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वीस वर्षं मराठवाड्यातच काम करते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटात, देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पुढे जिल्ह्यात नियम झाला की शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करायची नाही.

तेव्हा वर्तमानपत्रांतून दोन गोष्टी आल्या, लोभी डॉक्टर आणि अडाणी बाया. डॉक्टरांचा दोष मी अजिबात कमी करत नाही. पण बायांना अडाणी म्हणू नका. माझ्यासमोर बसलेली बाई पूर्ण विचार करून आलेली असते. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी दुरून आणायचं. कपडा दिवसभर बदलता येत नाही, त्यातून जंतुसंसर्ग. पाळीत दोन दिवस बसावं तर दोन खाडे. गोळ्या आठवडाभर घ्या म्हटलं तर पुन्हा दाखवायला कोण सोडणार? ती मला विचारते, "डॉक्टरीणबाई, पिशवीच नसली तर हे सगळं मिटेल ना?" तिच्या अडचणींपुढे तो हिशेब बिनचूक असतो. तिच्या शरीरापुढे नसतो, कारण अंडाशयंही काढली गेली की तिशीतच हाडं झिजायला लागतात, आणि ते कोणी तिला सांगितलेलं नसतं.

आरोग्याचा हक्क म्हटलं की लोक दवाखाना डोळ्यांपुढे आणतात. माझ्या या पेशंटना दवाखान्याआधी पाच गोष्टी हव्या होत्या: आडोसा, पाणी, दोन दिवसांची भरपगारी सुट्टी, परत तपासायला येण्याची मोकळीक आणि खरं सांगणारा माणूस. यातली एकही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

चिकोडीकर

सीमेच्या अलीकडून लिहितोय. बेळगाव जिल्ह्यात आमच्या भागातल्या कारखान्यांवरही बीड, जतकडच्या टोळ्या असतात. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा होता, त्यात ठेकेदाराचा परवाना, प्रवासभत्ता, राहण्याची सोय असं सगळं होतं; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. इथल्या कोपीत राहणाऱ्या माणसाला कन्नड येत नाही, पोलिसात जायचं म्हटलं तरी दुभाषी लागतो. टोळीतल्या एकाला मागच्या हंगामात गाडीवरून पडून मार लागला. त्याला कोणत्या राज्याच्या योजनेत बसवायचं यावर चार फोन झाले, तोवर गावकऱ्यांनी वर्गणी काढून घरी पाठवलं.

कलम_तेवीस

@फडावरचा, तुमचा प्रतिसाद मी कार्यालयात वाचून दाखवला. रकाना नसणं हा या प्रश्नाचा गाभा आहे.

२०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ आहे. गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं आहे. मुलांसाठी भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. ग्रामसेवकांनी नोंदणी करून ओळखपत्र द्यायचं आहे. हे ओळखपत्र मिळवाच. योजनेचा लाभ हा एक भाग, पण "मी ऊसतोड कामगार आहे" असं सरकारी शिक्क्याने सांगणारा तो पहिलाच कागद असेल.

१९४९ च्या २५ नोव्हेंबरला, घटनासमितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, बाबासाहेबांनी बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या जगात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना तिची झळ लागते ते ही लोकशाहीच उधळून लावतील, असंही म्हणाले. त्यांना आर्थिक विषमता हा हक्कांपलीकडचा वेगळा विषय वाटत नव्हता. जी घटना आपण लिहिली ती कशाने पोकळ होईल, ते ते सांगत होते.

वारणाकाठचा शेतकरी

यंदा टोळी आली की कोपीजवळ मी दोन तात्पुरते संडास आणि नळ करून देणार आहे. खर्च बघितला, झेपण्यासारखा आहे. शेजारच्या तिघांना विचारलं, दोघे तयार आहेत. याने उचल सुटत नाही हे मला कळतं.

फडावरचा

काका, आणि नावं लिहून ठेवा. साध्या वहीत. दोघांचीही.

मांजराकाठ

आज मावशीचा फोन आला होता, कराडच्या पुढे कुठेतरी आहेत. तिला ओळखपत्राचं सांगितलं, एप्रिलमध्ये परत आलीस की ग्रामसेवकाकडे जायचं म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्यावर नाव कोणाचं असतंय? ह्यांचं का माझं?"

मी म्हटलं, तुझं. तुझा फोटो, तुझं नाव, वेगळं कार्ड.

थोडा वेळ काही बोललीच नाही. मागे ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "गाडी आली, ठेवते. पण एप्रिलला तू ये माझ्याबरोबर."

एप्रिलची रजा आत्ताच टाकली आहे.